नीट होईल सगळं

ज्या घरात ‘नीट’ची परीक्षा असते त्या घरात दुसरं काहीही नीट नसतं, हा सिद्धान्त मी स्वानुभवाने मांडत आहे. आमची कन्या मनू अकरावीत गेली त्या दिवसापासून आमच्या घरातला टी.व्ही. मुका झाला. चालू असायचा, पण आवाज बंद. बातम्या देणारी माणसं मत्स्यालयातल्या माशांसारखी तोंडाची उघडझाप करायची आणि देशावर काय संकट आलंय ते आम्ही त्यांच्या भुवयांवरून ओळखायचो. घरातला एकुलता एक चांगला कूलर मनूच्या खोलीच्या खिडकीला लागला आणि नागपूरच्या उन्हाळ्यात आम्ही उभयता हॉलमधल्या पंख्याखाली थालीपिठासारखे दोन्ही बाजूंनी खरपूस होत राहिलो. पाहुण्यांना फाटकातूनच हात दाखवला जाऊ लागला. कुणी चुकून आत आलंच, तर आमची सौ. ओठांवर बोट ठेवून त्यांच्यापुढे पोह्यांची बशी अशी ठेवायची, की त्यांना वाटावं घरात कुणी अत्यवस्थ आहे.

एका अर्थी होतंच. फक्त ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

मी बँकेत कारकून. आकडा दिसला की तो विचारल्याशिवाय मला राहवत नाही. दर रविवारी मनू शिकवणीतली चाचणी देऊन यायची आणि तिने चप्पल काढायच्या आत मी विचारायचो, “किती पडले?” ती सांगायची. मी म्हणायचो, “छान!” पण त्या ‘छान’मधून मागच्या रविवारचा आकडा वजा केलेला असायचा आणि ती वजाबाकी तिला स्पष्ट ऐकू यायची. एवढ्यात शेजारच्या काकू कुंपणावरून विचारायच्या, “काय म्हणते बाप्पा टेस्ट?” मग काकूंच्या भाच्याचे मार्क. मग सौ.च्या मावसबहिणीच्या मुलाचे मार्क. एका मुलीच्या परीक्षेला आख्खं खानदान बसलेलं होतं. लिहायची मात्र तिला एकटीला होती.

एका रात्री दोनच्या सुमारास पाणी प्यायला उठलो तर मनूच्या खोलीत दिवा. पुस्तक उघडं होतं. पण संध्याकाळी जे पान उघडं पाहिलं होतं तेच. मी म्हटलं, “झोप आता.” ती वर न बघता म्हणाली, “बाबा, नाही झालं तर?”

मी म्हटलं, “असं अभद्र बोलू नये.”

जगातल्या समस्त बापांनी दिलेल्या समस्त उत्तरांत यापेक्षा निकामी उत्तर नसेल. अंथरुणावर येऊन पडलो, पण झोप लागेना. पोरीने साधा प्रश्न विचारला होता आणि मला तो सुटला नव्हता. चार पर्यायसुद्धा नव्हते, नाहीतर अंदाजाने एक गोल काळा केला असता.

कॉमर्सच्या माणसाला आजचा हिशेब लागेना झाला की तो जुन्या खतावण्या काढतो. मीही तेच केलं. सीताबर्डीवरच्या वाचनालयात शनिवारी दुपारी जाऊन बसायला लागलो आणि या प्रवेशपरीक्षा नावाच्या खात्याची आरंभीची शिल्लक शोधू लागलो.

आपल्याकडे कलकत्ता, मुंबई आणि मद्रास ही तीन विद्यापीठं निघाली १८५७ साली. विद्यापीठ म्हटलं की दार आलं आणि दार म्हटलं की दारवान आला. या दारवानाचं नाव मॅट्रिक. कलकत्त्याकडे तर त्याला सरळ ‘एन्ट्रन्स’च म्हणत. मॅट्रिक म्हणजे शाळेचा शेवट असं आपण समजत आलो. मुळात ती कॉलेजची प्रवेशपरीक्षा होती. तेव्हा ‘आमच्या काळी नव्हती बुवा ही एन्ट्रन्सची भानगड’ असं म्हणणाऱ्या तमाम आजोबांना नम्रपणे कळवावंसं वाटतं, की आपण जी तीन वेळा दिलीत ती तीच.

आमचे आजोबा मॅट्रिकला दोनदा गणितात गटांगळी खाऊन तिसऱ्या खेपेला किनाऱ्याला लागले होते आणि त्या भांडवलावर जन्मभर ‘मॅट्रिक पास’ ही पदवी नावापुढे लावल्यासारखे वागले. त्या काळी नापास होणं हीसुद्धा एक श्रेणी होती. लग्नाच्या बोलण्यात ‘मुलगा नॉनमॅट्रिक आहे’ हे ‘मुलगा निर्व्यसनी आहे’ इतक्याच सहजपणे सांगितलं जाई.

आता आमचं नागपूर. इथे हिस्लॉप कॉलेज निघालं १८८३ साली आणि मॉरिस कॉलेज १८८५ साली. पण नागपूरला स्वतःचं विद्यापीठ मिळालं ते १९२३ साली. तोवर आमची पोरं आधी कलकत्ता विद्यापीठाच्या आणि पुढे अलाहाबाद विद्यापीठाच्या परीक्षा देत. म्हणजे शिकायचं महाल-बर्डीवर आणि पास-नापास ठरायचं हुगळीच्या नाहीतर गंगेच्या काठी. तेव्हा आपलं भवितव्य दूर कुठेतरी, आपल्याला कधी न बघितलेल्या माणसाच्या हाती असतं, ही भावना नागपूरकराला काही नवीन नाही.

त्याच कलकत्ता विद्यापीठाची पहिली बी.ए.ची परीक्षा झाली १८५८ साली. मोजकीच मुलं बसली आणि नियमाने बघितलं तर एकही उत्तीर्ण झाला नाही. मग विद्यापीठाला वाटलं असावं, दुकान उघडलं आणि पहिल्याच दिवशी भवानी नाही, हे काही बरं दिसत नाही. म्हणून दोघांना कृपागुण देऊन वर ओढलं. त्यांतले एक जदुनाथ बोस आणि दुसरे बंकिमचंद्र चट्टोपाध्याय. ‘वंदे मातरम्’ लिहिणारे! हे वाचलं तेव्हा मी वाचनालयात एकटाच हसलो. शेजारी स्पर्धा-परीक्षेची पुस्तकं घेऊन बसलेल्या मुलाने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की याला अभ्यास झेपलेला दिसत नाही.

मुंबईची पहिली मॅट्रिक १८५९ सालची. १३२ मुलं बसली आणि पास झाली जेमतेम वीस-बावीस. त्यांत न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे होते आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकरही होते. म्हणजे पास झालेल्यांचं पुढे काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे. उरलेल्या शंभराहून अधिक पोरांचं काय झालं ते इतिहास सांगत नाही. पण त्या सगळ्यांनी काही विहिरी जवळ केल्या नसणार. कुणी मास्तर झाला असेल, कुणी मामलेदार कचेरीत चिकटला असेल, कुणी दुकान काढलं असेल आणि पुढच्या पिढीला ‘पेपरच कठीण होता’ असं सांगत सुखाने म्हातारा झाला असेल.

इथवर मजेत चाललं होतं. मग मला १८९४ साल भेटलं.

त्या वर्षी याच न्यायमूर्ती रानड्यांनी पदवीधरांच्या मंडळींपुढे एक निबंध वाचला. विषय काय, तर आपले पदवीधर अकाली का मरतात! मुंबई विद्यापीठाचे शिकलेसवरलेले तरुण ऐन उमेदीत पटापटा जात होते आणि रानडे त्याचा हिशेब मांडून बसले होते. अनेक कारणांत परीक्षांचा बोजा हे एक. ज्या माणसाने पहिल्याच झटक्यात पहिली मॅट्रिक मारली, त्याने पस्तीस वर्षांनी मागे वळून बघितलं आणि दारातून आत शिरलेल्यांची गळती मोजली. स्वतः रानड्यांचे डोळे विद्यार्थिदशेतल्या अति वाचनाने अधू झालेले. तेव्हा परीक्षेचा ताण ही काही मोबाइलच्या पिढीची नाजूक तब्येत नव्हे. हा सव्वाशे वर्षांचा जुना आजार आहे आणि त्याचं निदान करणारा माणूस यादीत पहिल्या रांगेत पास झालेला होता.

वाचनालय बंद व्हायची वेळ झाली होती. मी पुस्तक मिटलं. डोळ्यांपुढे ते रात्री दोनचं उघडं पान होतं.

रानड्यांच्या अगदी उलट गडी म्हणजे लोकमान्य टिळक. मॅट्रिक होऊन डेक्कन कॉलेजात गेले आणि आरशात बघितलं तर प्रकृती किरकोळ. तेव्हा पहिलं वर्ष त्यांनी अभ्यासाला सरळ सुट्टी दिली आणि तालीम, पोहणं आणि खाणं यांत घालवलं. परीक्षेत व्हायचं ते झालं; नापास! हल्ली मुलं शिकवणीसाठी वर्षाचा ‘गॅप’ घेतात. टिळकांनी गॅप घेतला तो जोर-बैठकांसाठी. पुढे बी.ए. पहिल्या वर्गात झाले, वकिलीची परीक्षा झाले, आणि एम.ए.ला दोनदा नापास झाले. आज ते आमच्या ओळखीत असते, तर सौ.ची मावसबहीण म्हणाली असती, “मुलगा हुशार आहे हो, पण सातत्य नाही.”

आणि मग गांधीजी. १८८७ साली मॅट्रिक झाले. गुण ६२५ पैकी २४७ आणि वर अर्धा. तो अर्धा मला फार आवडला. बँकेत तसा अर्धा पैसा सापडला तर आम्ही रात्री आठपर्यंत थांबतो. पुढे विलायतेत त्यांनी लंडनची मॅट्रिक दिली आणि लॅटिनमध्ये गचकले. आत्मकथेत स्वतःच ते सांगतात. पण दुसऱ्या खेपेच्या तयारीसाठी त्यांनी जे केलं ते बघण्यासारखं आहे. तास वाढवले, रात्री जागवल्या, असं नाही. उलट पसारा कमी केला. दोन खोल्यांची एक खोली केली, शेगडी आणली, सकाळचं खाणं स्वतः करू लागले. नावडतं रसायनशास्त्र सोडून उष्णता आणि प्रकाश हा विषय घेतला, कारण तो सोपा होता. आणि १८९० साली पास झाले. सोपा विषय घेण्यात कमीपणा नसतो हे महात्म्याने सिद्ध करून ठेवलंय, पण आपण त्यांच्याकडून बाकी सगळं घेतो आणि हे विसरतो.

गंमत पुढेच आहे. आमच्या नागपूरपासून हाकेच्या अंतरावर सेवाग्रामला १९६९ साली वैद्यकीय महाविद्यालय निघालं. त्याची स्वतःची प्रवेशपरीक्षा असे आणि तिच्यात भौतिक, रसायन, जीवशास्त्राच्या जोडीला गांधीविचार असा एक पेपर असे. देशभरातली पोरं बेडकाच्या हृदयाबरोबर महात्म्याचंही हृदय पाठ करून येत. गांधीविचारांत गांधीजींना किती पडले असते कोण जाणे! आणि मॅट्रिकचे चाळीस टक्के घेऊन ते कुठल्याही मेडिकलच्या खिडकीशी गेले असते, तर आतल्या कारकुनाने मान वर न करता ‘नेक्स्ट’ म्हटलं असतं.

सारं देशभर एक करायचं म्हटल्यावर सेवाग्रामचा तो पेपरही गेला. वैद्यकीयसाठी अखिल भारतीय परीक्षा १९८८ पासून होतीच, पण ती थोड्या जागांपुरती. बाकी राज्यांचं ज्याचं त्याचं. ‘नीट’ पहिल्यांदा झाली २०१३ साली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि २०१६ साली परत आणली. निबंध गेले, उत्तरं गेली आणि गोल आले. एका प्रश्नाला चार पर्याय ही कल्पना १९१५ च्या सुमाराची, अमेरिकेत कान्सासच्या फ्रेडरिक केली नावाच्या गृहस्थांनी काढलेली. हेतू चांगला होता. तपासणाऱ्या मास्तरच्या लहरीवर मुलाचं नशीब अवलंबून राहू नये. लहर गेली खरी. पण मास्तराबरोबर त्याचे कृपागुणही गेले. यंत्राला बंकिमचंद्र ओळखता येत नाही.

या गोलांनी मलाही एकदा दगा दिला आहे. हे मी घरात कधी सांगितलं नव्हतं. बँकेच्या कारकुनी परीक्षेला मी पहिल्यांदा बसलो तेव्हा आदल्या रात्री डोळ्याला डोळा लावला नाही. दुसऱ्या दिवशी मधलाच एक प्रश्न सोडला, पण त्याची ओळ सोडायची राहिली. तिथून पुढची सगळी उत्तरं बरोबर, फक्त प्रत्येक उत्तर शेजाऱ्याच्या घरात! मला सगळं येत होतं. मला फक्त झोप आलेली होती.

आता कुठे माझ्या कॉमर्सच्या डोक्यात प्रकाश पडू लागला. जुनी मॅट्रिक आणि ही ‘नीट’ यांत एक मोठा फरक आहे. मॅट्रिकला रेघ होती. रेघेच्या वर गेलात की पास, मग ते वीस असोत की वीस हजार. इथे मुळात रेघ महत्त्वाची नाही. इथे रांग आहे. २०२४ साली निकाल लागला तेव्हा ६७ जणांना ७२० पैकी ७२० गुण होते. मग गदारोळ झाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि सुधारित निकालात ते १७ उरले. पुढच्या वर्षी, २०२५ साली, देशात पहिल्या आलेल्या मुलाला ६८६ होते. एका वर्षात देशाची अक्कल काही कमी झाली नव्हती. फूटपट्टी बदलली होती. त्या वर्षी बसले बावीस लाखांवर आणि एम.बी.बी.एस.च्या जागा सगळ्या देशात मिळून लाखाच्या थोड्या वर. सगळे बावीस लाख रानडे असते तरी वीस लाखांहून अधिक रानडे बाहेर राहिले असते.

बँकेत सणाच्या आदल्या दिवशी कधी कधी खिडकीवरची रोकड संपते. टोकन घेऊन शिस्तीत बसलेली माणसं तेव्हा परत जातात. त्या माणसाला आम्ही नापास म्हणत नाही. त्याचं खातं बरोबर असतं, सही जुळलेली असते, शिल्लकही असते. फक्त त्याचा नंबर येईतो पेटी रिकामी झालेली असते.

हे मी मनूला सांगितलं. रात्रीच, पण दहा वाजता. आजोबांच्या गटांगळ्यांपासून माझ्या सरकलेल्या ओळीपर्यंत सगळं. ओळ सरकल्याचं ऐकून ती इतकी हसली, की सौ. ओठांवर बोट ठेवून धावत आली आणि आम्ही दोघं हसतोय हे बघून तशीच उभी राहिली. त्या घरात कुणीतरी मोठ्याने हसल्याला वर्ष झालं असेल.

मग आम्ही घराचं नवीन कायदेपुस्तक केलं. कलम पहिलं : अकराला दिवा बंद. कलम दुसरं : ‘किती पडले?’ विचारणाऱ्याला दहा रुपये दंड, डब्यात. पहिल्या महिन्यात डब्यात एकशे चाळीस रुपये जमले. पैकी एकशे वीस माझे. कलम तिसरं : मार्कांऐवजी चुकांची वही. बँकेत रोजचा ताळा लागला नाही तर आम्ही रडत नाही, फरक शोधतो. तशी तिने चूक कुठे होते ते लिहायचं; आलं नाही म्हणून, की वाचलं नाही म्हणून, की घाई केली म्हणून. महिन्याभरात कळलं, की तिच्या निम्म्या चुका घाईच्या होत्या. अभ्यास वाढवायचा नव्हताच. श्वास वाढवायचा होता. कलम चौथं : जुने पेपर सोडवायचे ते दुपारी दोन ते पाच, परीक्षेच्याच वेळी, घड्याळ लावून. नागपुरात दुपारी दोनला जेवून उठलेल्या माणसाचं डोकं वामकुक्षीखेरीज काहीही नाकारतं. त्याला आधीपासून सवय लावावी लागते. कलम पाचवं : दुसऱ्या अभ्यासक्रमांचेही अर्ज भरायचे आणि ते चोरून नाही, टेबलावर बसून, चहा घेत भरायचे.

सौ.ने सहावं कलम घातलं : टी.व्ही.चा आवाज सुरू.

४ मे २०२५, रविवार. टेकडीच्या गणपतीला हात जोडून आम्ही केंद्रावर गेलो. अर्ध्या बाह्या, पायांत चप्पल, पारदर्शक पाण्याची बाटली. सवाशे पोरं एका रांगेत आणि दोनशे आईबाप झाडांच्या सावल्या वाटून घेत. एक गृहस्थ माझ्या शेजारी बसून तीन तास रामरक्षा म्हणत होते. मध्येच थांबून त्यांनी विचारलं, “तुमच्या मुलीला टेस्टमध्ये किती पडायचे?” खिशात दहाची नोट मागण्यासाठी माझा हात पुढे होणार होता, पण त्यांचा चेहरा बघून त्यांना संत्र्याची गोळी दिली.

पाचला दार उघडलं. फिजिक्स कठीण गेलं होतं. बरीच पोरं रडत बाहेर येत होती. मनू आली ती लालबुंद तोंडाने, केस विस्कटलेले. माझ्या जिभेवर पाचशे प्रश्न होते. मी म्हटलं, “तर्री-पोहे?” ती म्हणाली, “दोन प्लेट.”

जूनमध्ये निकाल लागला. मार्क इथे देत नाही. डब्यात दहा रुपये टाकण्याची माझी तयारी नाही. एवढंच सांगतो, की सरकारी एम.बी.बी.एस.च्या यादीत तिचं नाव आलं नाही. ती एक दिवस उशीत तोंड खुपसून रडली आणि आम्ही रडू दिलं. अभद्र बोलू नये, असं कुणीही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकूंचा आवाज कुंपणावरून आलाच. “काय झालं गं मनू? नाही का झालं?”

मी उत्तर द्यायला उठत होतो. त्याआधी मनूच बाहेर गेली. शांतपणे म्हणाली, “टोकन होतं काकू, पण खिडकीवरची रोकड संपली.”

काकूंना काही कळेना. “म्हणजे आता?”

“आता काय! दुसऱ्या शाखेत चौकशी करतेय.”